पारसमल शेठचं अडलेलं वजन

शहाद्याच्या मार्केट यार्डात पारसमल शेठ यांची धान्याची आडत आहे. शेतकऱ्याने माल आणायचा, व्यापाऱ्याने तो उचलायचा आणि मधे गादीवर बसलेल्या माणसाने दोघांवर संशय घ्यायचा, असा हा धंदा. शेठ तो पस्तीसेक वर्षं मनापासून करत आले आहेत. संध्याकाळी दुकानाबरोबर संशयही बंद करावा, असं त्यांना कधी वाटलं नाही. बँकेच्या मॅनेजरने चहा पाजला तर का पाजला, नाही पाजला तर का नाही पाजला, या दोन्ही प्रश्नांसाठी त्यांच्याकडे सारखाच वेळ असे. हवामान खात्याने पाऊस सांगितला की ते विचारत, "त्यात त्यांचा काय फायदा?"

शेठ घरात मारवाडी बोलत, दुकानात अहिराणी, बँकेत मराठी आणि डॉक्टरांपुढे काहीच नाही. अंगाने ते सव्वा क्विंटलच्या वर होते. वर किती, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. गादीवरून उठायचं तर एक हात भिंतीला आणि दुसरा हमालाच्या खांद्याला लागे. त्यांना उठवताना हमाल हसतो की काय, हे बघायला ते मान वळवत, आणि त्यामुळे उठायला आणखी उशीर होई.

ते झोपेत घोरतात हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. घोरणं मधेच थांबतं, हे मात्र फक्त त्यांच्या बायकोला, बदामबाईंना माहीत होतं. घोरणं थांबलं की श्वासही थांबे. बदामबाई उठून खांदा धरून हलवत, मग शेठ मोठा आचका देऊन पुन्हा सुरू होत. सकाळी विचारलं की म्हणत, "मी तर मस्त झोपलो होतो. तुलाच भास होतात." ज्या गोष्टीला साक्षीदार एकच आणि तोही घरातला, ती गोष्ट शेठ मानत नसत.

शेवटी मुलगा नमन त्यांना सुरतेला घेऊन गेला. तिथल्या सर्जननी तपासण्या केल्या आणि जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया सुचवली. "पण आज नाही," ते म्हणाले. "यकृतावर एवढी चरबी आहे की माझी हत्यारं जठरापर्यंत पोचणार नाहीत. आणि यांच्या छातीत इतका कमी दम आहे की भूल द्यायला आमच्या बाई तयार होणार नाहीत. दहा किलो कमी करून दिवाळीनंतर या. एखादा ट्रेनर ठेवा, रोज व्यायाम करून घेणारा. जमलं तर तारीख देतो. नाही जमलं तर मी हात लावणार नाही." नमनला बाजूला घेऊन त्यांनी एवढंच सांगितलं की झोपेतलं हे थांबणं वाढत जातं, आणि एखाद्या दिवशी हलवूनही माणूस सुरू होत नाही.

परतीच्या वाटेवर नंदुरबार येईपर्यंत शेठनी डॉक्टरांच्या फाइलचं प्रत्येक पान उलटून पाहिलं. मग म्हणाले, "ऑपरेशन कशासाठी?"

"वजन कमी करायला, पप्पा."

"आणि ऑपरेशनच्या आधी काय करायचं?"

"वजन कमी करायचं."

"मग डॉक्टर काय करणार?"

नमनने गाडीच्या काचा वर केल्या.

ट्रेनर म्हणून जालमसिंग आला. तोरणमाळच्या बाजूचा, पावरा आदिवासी, तिशीचा. सुरतेच्या जिममध्ये काही वर्षं काम करून त्याने शहाद्यात ट्रॅक्टरच्या स्पेअरपार्टच्या दुकानाच्या माडीवर स्वतःची जिम काढली होती. मराठी तो शाळेत शिकलेला, त्यामुळे त्याची मराठी शेठच्या मराठीपेक्षा शुद्ध होती. शेठना त्याचाही संशय आला.

पहिल्या दिवशी जालमसिंगने वजनाचा काटा आणला. शेठनी त्याच्यावर चढायच्या आधी साखरेची सीलबंद गोणी चढवली. काट्याने पन्नासच्या वर थोडं दाखवलं. शेठनी बारदानाचं वजन मनातल्या मनात वजा केलं. काटा बरोबर होता. "इतका बरोबर काटा ठेवतं कोण?" ते नमनच्या कानात म्हणाले, आणि त्या दिवसापासून त्यांनी जालमसिंगवर नीट लक्ष ठेवायचं ठरवलं.

मग खात्री म्हणून त्यांनी दुकानातल्या मोठ्या काट्याकडे बोट केलं. "मास्तर, तुम्ही जरा आमच्या काट्यावर चढा. दोन्ही काटे ताडून बघू."

जालमसिंग चढला नाही. त्याच्या वडिलांनी, रायसिंगने, पोराला खाली पाठवताना मोजक्या गोष्टी बजावल्या होत्या, आणि मारवाड्याच्या काट्यावर न चढणं ही त्यांतली पहिली होती. रायसिंगच्या तरुणपणी डोंगरातली चारोळी तोरणमाळवरून निघताना जेवढी भरे तेवढी खाली कधी भरली नाही. घाट उतरताना वजन कमी होतं, असं त्याला खाली सांगण्यात आलं होतं.

"शेठजी," जालमसिंग अगदी नम्रपणे म्हणाला, "तुमच्या वडिलांच्या काळी घाट उतरला की चारोळी हलकी व्हायची म्हणे. तुम्हाला एकदा वर नेऊन खाली आणतो. दहा किलो तिथंच जातील."

"तो काटा विकला आम्ही," शेठ म्हणाले. आणि व्यायाम सुरू झाला.

जालमसिंगला असं गिऱ्हाईक आयुष्यात मिळालं नव्हतं. सूर्य मावळल्यावर न जेवणारा, कांदा-बटाट्याला न शिवणारा, मांस, अंडं, दारू यांचं नावही न काढणारा आणि तरीही सव्वा क्विंटलच्या वर असलेला माणूस. त्याला खरं म्हणजे तिथंच संशय यायला हवा होता. पण सुरतेत त्याने फक्त खाणारे जाडे पाहिले होते.

त्याने खुर्ची मांडली आणि शेठना हात न टेकता उठायला, बसायला, पुन्हा उठायला लावलं.

"पुन्हा बसायचंच होतं तर उठवलं कशाला?" शेठनी विचारलं.

"मांड्यांत ताकद यावी म्हणून."

"ताकद कशाला?"

"उठायला."

शेठनी यावर बराच विचार केला. उत्तर गोल होतं, पण त्यात फट सापडली नाही. श्वासाच्या व्यायामासाठी जालमसिंगने प्लास्टिकचं एक यंत्र दिलं. नळीतून जोरात श्वास ओढला की त्यातले रंगीत गोळे वर उचलले जात. शेठनी आधी ते उघडून बघितलं, गोळे पोकळ आहेत ना याची खात्री केली आणि मगच ओढलं. प्रोटीनच्या डब्यावरचा हिरवा ठिपका त्यांनी नखाने खरवडून पाहिला. रोज पहाटे यार्डात चालणं ठरलं, तेव्हा जालमसिंग त्यांच्या मागून चाले. शेठ म्हणाले, पुढून चाला. मागे चालणारा माणूस काय करतो ते दिसत नाही.

मूळ शंका निराळीच होती आणि ती त्यांनी बदामबाईंना बोलून दाखवली. "ज्याचा धंदा माझ्या चरबीवर चालतो, तो ती चरबी कशाला कमी करील? मी बारीक झालो की त्याचं गिऱ्हाईक गेलं. मी त्याच्या जागी असतो तर..."

"तुम्ही त्याच्या जागी नाही, हे त्याचं नशीब," बदामबाई म्हणाल्या आणि मुगाचं धिरडं ताटात टाकलं. तेल न घालता.

पण वजन उतरलं. आषाढात थोडं, श्रावणात बरं, पर्युषण संपेपर्यंत निम्म्याच्या वर मजल गेली. शेठना आता भिंत लागे, पण हमाल लागत नसे. या गोष्टीने ते खूश न होता बुचकळ्यात पडले. पावसाळ्यात सगळा माल ओल धरून फुगतो आणि आपण तेवढे हलके होतो, यात काहीतरी बनाव आहे, असं त्यांना वाटत राहिलं. साखरेची गोणी आणखी एकदा काट्यावर चढली. काटा बरोबर निघाला.

दसऱ्यापासून वजन अडलं.

खाणं तेच, चालणं तेच, खुर्ची तीच. तरी काटा हलेना, आणि एके सकाळी हलला तो वरच्या दिशेने. जालमसिंगने आकडा पाहिला, शेठकडे पाहिलं आणि पुन्हा आकडा पाहिला. त्याच्या पाहण्याचा अर्थ शेठना कळला, आणि शेठच्या कपाळावरच्या आठीचा अर्थ जालमसिंगला.

त्या दिवसापासून त्या घरात सगळे सगळ्यांवर नजर ठेवू लागले. बदामबाई शेठच्या सदऱ्याचे खिसे उलटे करून फरसाणाचा चुरा शोधत आणि रुमालाला कचोरीचा वास येतो का ते हुंगत. नमनने यार्डाबाहेरच्या नाश्त्याच्या दुकानदाराला विश्वासात घेतलं. दुकानदाराने शपथ घेतली की शेठनी वर्षभरात त्याच्याकडून काही मागवलेलं नाही. शपथ फारच लवकर घेतली म्हणून नमनला तोही सामील वाटला. शेठना वेगळीच शंका होती. बदामबाई मायेपोटी वरणात चोरून तूप सोडत असणार, म्हणून ते वरण ताटात पसरून उजेडात तिरपं धरत. जालमसिंगने तिजोरीच्या मागे हात घालून पाहिला. हाती एक मेलेली पाल आणि जुना पंचा एवढंच लागलं.

"शेठजी, खरं सांगा. बाहेरचं काही खाताय?"

"नवकार मंत्र म्हणून सांगतो. घरचं सोडून पोटात काही जात नाही."

शेठ खोटं बोलत नव्हते. हीच तर अडचण होती.

दिवाळी तोंडावर आली. सुरतेची तारीख जवळ येत होती आणि कमी करायचे होते त्यातले तीन-चार किलो अजून शेठच्या अंगावर मुक्कामाला होते. शेवटी जालमसिंग म्हणाला, "एक दिवस मी दुकानात बसतो. दिवसभर."

"बसा की," शेठ म्हणाले. "आम्हाला काय लपवायचंय?"

भुईमुगाचा हंगाम ऐन भरात होता. यार्डात ट्रॉल्यांची रांग, शेंगांचे ढीग, धूळ. जालमसिंग गादीच्या कडेला बसला. त्याने गल्ला बघितला, गादीखाली बघितलं, येणाऱ्या प्रत्येक माणसाचे हात बघितले. चहा आला तर शेठनी बिनसाखरेचा घेतला. डबा आला तर त्यात भाकरी, मूग, काकडी. शेतकरी येत, मूठभर शेंगा गादीवर ठेवत. शेठ एक शेंग फोडत, दाणे तोंडात टाकत, डोळे मिटत, चावत आणि भाव बोलत. शेतकरी मान हलवी किंवा न हलवी. मग दुसरा येई. मूठभर तीळ, मूठभर उडीद, पुन्हा शेंगा.

दुपार टळली. जालमसिंगला काही सापडलं नाही. कंटाळून त्याने खाली पाहिलं तर त्याच्या मांडीजवळ शेंगांच्या टरफलांचा लहानसा ढीग होता. सकाळपासून बसल्या बसल्या समोरच्या ढिगातून शेंगा उचलून तो खात होता, आणि त्याच्या ते लक्षातच आलं नव्हतं. त्याने मान वळवून शेठच्या बाजूला पाहिलं. तिथं ढीग नव्हता, टेकडी होती. हमाल ती दिवसातून अनेकदा झाडून नेत असे.

"शेठजी, हे काय?"

"काय?"

"ही टरफलं."

"वानगी."

"तुम्ही खाताय."

"खात नाही. बघतोय."

"दातांनी?"

"मग काय, ओल डोळ्यांनी दिसते? दाणा कुडकन तुटला तर वाळलेला. दबला तर ओला. मागून कडू लागला तर बुरशी. मास्तर, हा धंदा आहे. यात खाणं कुठं आलं?"

जालमसिंग टेकडीकडे बघत राहिला. पावसाळ्यात यार्ड रिकामं होतं, वानगी नव्हती, वजन उतरत होतं. दसऱ्याला माल सुरू झाला आणि वजन अडलं. चोर दसऱ्यापासून भर उजेडात, साऱ्या यार्डासमोर, आवाज करून खात होता, आणि घरचे त्याचे खिसे तपासत होते.

"दिवसाला किलोभर तरी दाणे होत असतील, शेठजी."

"नाही हो! गिऱ्हाईकामागे चार दाणे."

"आणि गिऱ्हाईकं किती?"

शेठनी पहिल्यांदाच गिऱ्हाईकांची संख्या कमी करून सांगितली.

तोडगा जालमसिंगने काढला. चावा, चव घ्या आणि थुंका. गिळू नका. त्याने एक स्टीलचा डबा शेठच्या बाजूला ठेवला. त्याला डोंगरातल्या आणि सुरतेतल्या बऱ्याच गोष्टी ठाऊक होत्या, पण आडत ठाऊक नव्हती. यार्डात वानगी तोंडात टाकली की गिळायची असते. थुंकली तर माल कडू, हे न सांगता सगळ्यांना समजतं. शेठना हे माहीत होतं. पण त्यांना वाटलं, आपण हळूच, पदराआड केल्यासारखं थुंकू.

दुसऱ्या दिवशी पहिली ट्रॉली म्हसावदच्या दगा पाटलांची आली. दगा पाटील तापीकाठच्या गुजर शेतकऱ्यांपैकी, केळी आणि ऊस बाळगून हौस म्हणून भुईमूग लावणारे, आणि हौसेच्या पिकाबद्दल माणूस जास्त हळवा असतो. शेठनी शेंग फोडली, दाणे चावले, तोंड फिरवलं आणि डब्यात थुंकले. डबा स्टीलचा होता. टण् असा आवाज झाला.

पलीकडच्या दोन दुकानांतल्या माना इकडे वळल्या.

"काय शेठ," दगा पाटील म्हणाले, "मन्ही शेंग थुकी टाकी?"

"तसं नही पाटील, माल एक नंबर शे."

"एक नंबर शे ते गियस का नही? थुकस कसाले? बठ्ठा लोक देखी ऱ्हायनात. मी काय कचरा लई उनू का?"

"डॉक्टरनी सांगेल शे..."

"डॉक्टरले काय माहीत मन्ही शेंग कशी शे? त्याले देखाडी का तू?"

शेठनी लगेच दुसरी शेंग फोडली आणि सर्वांना दिसेल अशी गिळली. मग तिसरी. चौथी गिळेपर्यंत पाटलांच्या चेहऱ्यावरची शीर खाली बसली नाही. तोपर्यंत यार्डभर बातमी गेली होती की म्हसावदचा माल कडू निघाला. दुपारी दुसऱ्या आडत्याने पाटलांच्या शेंगेला हात लावायच्या आधी विचारलं, "पारसमलने कसाले सोडी?" पाटील परत आले, गादीसमोर उभे राहिले आणि काही न बोलता ट्रॉली वळवून गेले. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी घरी शेठनी डबा जालमसिंगच्या हातात दिला. "मास्तर, तुमचा व्यायाम इथं संपला. तुम्हाला माझं वजन कमी करायचं होतं की माझं दुकान?"

"शेठजी, असं चाललं तर सुरतचे डॉक्टर तुम्हाला परत पाठवतील. माझं काय जातं? मला दुसरं गिऱ्हाईक मिळेल."

"बघ," शेठ बदामबाईंना म्हणाले. "आता खरं बोलला."

जालमसिंग जिना उतरताना बदामबाईंनी त्याला थांबवलं. "जालमभाऊ, फोनमध्ये आवाज धरून ठेवता येतो ना? कसा धरायचा ते दाखवा." त्याने दाखवलं.

दोन दिवसांनी सकाळी, दूध पिऊन शेठ दुकानात निघाले असताना बदामबाईंनी त्यांना पाटावर बसवलं आणि फोन पुढे केला. आधी घोरणं आलं. शेठनी कौतुकाने मान हलवली, आवाज चांगला होता. मग घोरणं थांबलं.

"बंद पडला," शेठ म्हणाले.

"चालू आहे. आकडे पुढे जातायत, बघा."

आकडे पुढे जात होते. पंख्याचा आवाज येत होता. गल्लीत कुठंतरी कुत्रं भुंकलेलं ऐकू आलं. मोटारसायकल गेलेली ऐकू आली. शेठ ऐकू येत नव्हते. आकडे आणखी पुढे गेले. मग बांगड्या वाजल्या, बदामबाईंचा आवाज आला, "सुणो हो, सुणो, उठो," आणि त्यानंतर पाण्यात बुडालेला माणूस वर यावा तसा एक आचका.

शेठनी फोन उलटा करून पाठीमागे पाहिलं. "यात काहीतरी कापाकापी केली असेल. नमन करतो तसली."

"मला यात फोटो मोठा करता येत नाही," बदामबाई म्हणाल्या.

हे खरं होतं. शेठना त्यात फट सापडेना. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. या वेळी ते घोरणं ऐकत नव्हते, मधली जागा ऐकत होते. पंखा, कुत्रं, मोटारसायकल.

"हे रोज?"

"रोज."

"किती वेळा?"

"मोजत बसले असते तर हलवलं कुणी असतं?"

शेठ दुकानात गेले नाहीत. सरळ जैन स्थानकात गेले. चातुर्मास संपत आला होता, तिथल्या साध्वी, महासतीजी, यांच्या पायी विहाराची तयारी चालली होती. खाली बसलं तर उठायला जवळ भिंत नव्हती, म्हणून शेठनी उभ्यानेच हात जोडले आणि म्हणाले, "पच्चक्खाण द्या, नेम घ्यायचाय. दुकानाच्या गादीवर असेन तोवर पाण्याशिवाय तोंडात काही घालणार नाही. ऑपरेशन होईपर्यंत." मग थोडं थांबून, कारण हिशेबात गडबड त्यांना चालत नसे, त्यांनी विचारलं, "हे धर्मासाठी नाही, तब्येतीसाठी आहे. चालेल ना?"

"त्याग तुमचा, कारण तुमचं," महासतीजी म्हणाल्या आणि पाठ म्हटला.

जालमसिंगला हे कळलं तेव्हा तो पुन्हा आला, पण त्याचा विश्वास बसेना. "काकू, माझ्यासमोर नवकार म्हणाले होते. मग यालाच काय गॅरंटी?"

"तो नवकार खरा होता," बदामबाई म्हणाल्या. "त्यांना ते खाणं वाटतच नव्हतं. ते तुम्हाला फसवतील, मला फसवतील, विक्रीकरवाल्याला तर फसवतीलच. पण एकदा हात जोडून सोडलं ते सोडलं. लग्नानंतर एकदा वांगं सोडलं होतं भांडणात. अजून घरात वांगं येत नाही."

शेठनी गादीवर तोंड मिटलं आणि यार्डात तर्कांना तोंड फुटलं. कुणी म्हणे, शेठचे दात गेले. कुणी म्हणे, तोंडात काहीतरी निघालंय. एकाने तर त्यांची जीभच बधिर झाल्याचं सांगितलं, आणि त्याचा फायदा घ्यायला दोन ओल्या ट्रॉल्या मुद्दाम त्यांच्या दारात आणल्या.

आता वानगी नमन चावणार होता. नमनकडे ओल मोजायचं यंत्रही होतं, पण शेठ यंत्राला विचारत नसत आणि नमनवर विश्वास ठेवत नसत. तो चावे तेव्हा ते डोळे मिटून कान पुढे करत. दाणा कुडकन तुटला की भाव बोलत. दबला की म्हणत, "पाटील, आणखी दोन दिवस उन्हात टाका." नमन तोंड उघडून काही सांगायच्या आत निकाल लागलेला असे. ओल्या ट्रॉल्या आल्या तशा परत गेल्या. "बापानं कान लावले आणि पोरानं दात," असं यार्डात म्हटलं जाऊ लागलं, आणि शेठची जरब पुन्हा बसली. दगा पाटीलही एकदा आले. नमनने त्यांची शेंग गिळली, अगदी पोटात जाईपर्यंत, आणि पाटील ट्रॉलीजवळ उभे राहून त्याच्या गळ्याकडे बघत राहिले.

शेठना भूक फार लागे. आयुष्यात पहिल्यांदा आपण दुकानात उपाशी बसलोय, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्याहून जास्त हे लक्षात आलं की याआधी आपण कधीच उपाशी बसलो नव्हतो. काटा उतरायला लागला. खुर्चीवरून उठताना ते आता हात छातीवर घडी घालून उठत. नमनची पँट मात्र घट्ट झाली. जालमसिंग अधूनमधून त्याच्या पोटाकडे बघू लागला, तेव्हा शेठ म्हणाले, "मास्तर, आपलं ठरलं होतं एका माणसाचं."

मार्गशीर्षात सुरतेला गेले तेव्हा बदामबाई, नमन आणि जालमसिंग तिघं बरोबर होते. जालमसिंगला शेठनी बोलावलं नव्हतं, पण तो गाडीत बसल्यावर उतरवलंही नाही. सर्जननी वजन घेतलं, सोनोग्राफी केली, जिना चढवून उतरवला. मग म्हणाले, "उत्तम. उद्या सकाळी घेतो."

शेठचा चेहरा उतरला. "उद्याच?"

"का? तयारी आहे ना?"

बाहेर आल्यावर ते जालमसिंगला म्हणाले, "पाच महिने नाही म्हणत होता, आता उद्याच म्हणतो. खाटा रिकाम्या असतील."

"शेठजी, पाय टाका. बास झालं." हे जालमसिंग इतक्या थकलेल्या आवाजात म्हणाला की शेठनी पाय टाकले.

सकाळी भूल देणाऱ्या बाई आल्या. लहानशा चणीच्या, चष्मा, हातात रबरी नळी. त्यांनी समजावलं, की तुम्ही झोपाल, मग श्वास तुमचा तुम्ही घ्यायचा नाही, मशीन देईल.

"मशीनजवळ कोण बसणार?" शेठनी विचारलं.

"मी."

"सगळा वेळ?"

"सगळा वेळ."

"मधे चहाला?"

"नाही."

"फोन आला तर?"

"फोन बाहेर ठेवते, काका."

शेठनी दाराकडे पाहिलं. बदामबाई तिथं उभ्या होत्या. जागरणाने डोळ्यांखाली आलेली काळी वर्तुळं त्यांना पहिल्यांदा दिसली, की दिसली होती आणि लक्ष दिलं नव्हतं, हे ठरवायला वेळ नव्हता. "या बाई बसणार आहेत म्हणतात," ते बायकोला म्हणाले. "तू जाऊन नीज."

ढकलगाडी आत गेली. वरचे दिवे लागले. त्या बाई त्यांच्या डोक्याशी एका गोल स्टुलावर बसल्या. आता स्टुलावरून उठतात का, हे बघायला आपण जागं राहायचं, असं शेठनी मनाशी पक्कं ठरवलं आणि मान किंचित वळवून स्टुलाच्या पायांवर नजर रोखली.

त्यांना ते जमलं नाही.